चाकं वर

आमच्या अलास्कात विमानांच्या पायात होड्या असतात आणि होड्यांना चाकं. धावपट्टीवर उतरताना चाकं खाली हवीत, तळ्यावर उतरताना वर. चुकलात तर पाण्यात कोलांटी.

मला एकोणऐंशीवं लागलं तसा माझा लेक ग्रेडी माझं विमान विकायला निघाला. गिऱ्हाईक पलीकडच्या तळ्याकाठी वाट बघत होतं. विमान तोच चालवत होता, आणि तोंडही.

"आई, तुला आता काही आठवत नाही. काल कॉफीत मीठ घातलंस!"

"उतरताना बोलू नये रे."

"झालं, बदल विषय! एक दिवस उडता उडता मरशील."

तळं समोर आलं तरी चाकं खालीच. मी गुपचूप हात लांबवून चाकांचा दांडा वर ओढला. शेवटचं चाक आत जाताना एक मासा त्याला चाटून गेला, शप्पथ!

"बघितलंस?" ग्रेडी म्हणाला. "असं उतरवतात!"

मी दांड्याकडे बोट दाखवलं. लेक पांढराफटक.

काठावरून गिऱ्हाईक ओरडलं, "काय घ्याल विमानाचं?"

मी दार उघडलं. "विमान नाही हो विकायचं! हा पायलट हवा तर फुकट न्या!"