लोकरी मोजा

कॉम्प्युटरवाल्याने हात टेकले. "आजी, यातलं काहीच परत मिळणार नाही." सासूबाईंनी तरी एकदा बटण दाबून पाहिलं. बावीस वर्षं जमवलेला कारागिरांच्या बोलीचा शब्दकोश कॉम्प्युटरमध्येच होता आणि शब्द सांगणारे म्हातारे केव्हाच गेले होते. सून चपला घालत म्हणाली, "आईकडे जाऊन येते." "इथे माझं सगळं बुडालं आणि हिला माहेर सुचतंय!" दर महिन्याची ही खेप सासूबाईंच्या डोळ्यांत खुपायचीच. संध्याकाळी सुनेने त्यांच्यापुढे जुना लोकरी मोजा ठेवला. आत हार्ड डिस्क होती, अख्ख्या शब्दकोशासकट. "एकाच घरात दोन्ही प्रती कशा ठेवायच्या? म्हणून दर महिन्याला ताजी प्रत तिकडे पोचवते." पुढच्या महिन्यात सून निघताना सासूबाईंनी स्वतः विणलेला मोजा पुढे केला. "एकच?" "दुसरा विणतेय. एक प्रत तुझ्या नणंदेकडेही असू दे."