बाबांचे ठोके

पुण्याच्या ऑफिसात अबोलीचा मोबाइल वाजला. बालाघाटला बाबांना तिनं सिमवालं घड्याळ घेऊन दिलं होतं, त्यांच्या हृदयाचे ठोके तिला इथे दिसायचे. आत्ता ते एकशे अठ्ठावन्न होते आणि चालणं शून्य. जिना चढताना वाढले तर ठीक, पण बसल्या जागी एवढे पळाले तर वाट पाहायची नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

तिनं फोन लावला. "बाबा, छातीत दुखतं काय? चक्कर येते काय?"

"मले काहून येईल? लांजीले आलो ना लग्नात. जेवून राह्यलो."

"मग घड्याळ?"

"थे तं तुझ्या आईच्या हातात बांधून आलो. आठ दिवसांपासून तिचा जीव धडधडून राह्यला. तुले सांगू नको म्हणे."

म्हणजे घरी आई एकटीच होती. अबोलीनं लगेच तिला फोन लावला.



"मी मजेत आहो बेटा, टीव्ही पाहून राह्यली," आई हळूच म्हणाली, आणि स्क्रीनवरचा आकडा एकशे बहात्तर झाला.