व्हायकिंगांच्या हंडीतले बटाटे

“बाई, व्हायकिंगांच्या हंडीत बटाटे आहेत.”

संपादिकेने हे शक्य तितकं हळू सांगितलं. समोरच्या खुर्चीतल्या लेखिकेने चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, “मग? कच्चे राहिलेत का?”

संपादिकेला वाटलं, म्हणजे मालक म्हणत होते ते खरंच होतं तर! हजार वर्षांपूर्वी त्या थंड किनाऱ्यावर बटाटा कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता, हे शाळेतलं पोरही सांगेल. आणि बाईंचं अख्खं आयुष्य त्या माणसांच्या होड्या, कुऱ्हाडी आणि भाऊबंदकी लिहिण्यात गेलेलं.

प्रकाशनाचे मालक सकाळीच म्हणाले होते, “बाईंचं वय झालं. शेवटच्या भागात नुसता गोंधळ घातलाय. तू गोड बोलून त्यांच्या गळी उतरव, शेवट आपण दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ.” बाई हिचं ऐकतात, म्हणून हे नकोसं काम हिच्याच गळ्यात पडलं.

आणि हिचा तर बाईंच्या कादंबऱ्यांवर जीव. पहिला भाग हातात आला तेव्हा ती नोकरीत नवी कोरी होती. पाळण्यात असताना सोडून गेलेल्या आईला शोधायला एक तरुण काळ ओलांडून व्हायकिंगांच्या गावात जातो. जवळ आईचा एक फोटो, बस्स. तो होडीतून बर्फगार पाण्यात उतरला, तेव्हा हिने ऑफिसात टेबलाखाली आपले पाय वर घेतले होते. लिहावं तर असं, असं तिला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटत होतं.

“चुका फार झाल्यात, बाई,” तिने धीर केला. “दोरीवर टोमॅटो वाळताहेत. स्वयंपाक करणारी ती म्हातारी दोन सुयांवर विणत बसलीय. तेव्हा दोन सुयांवर विणत नसत, हे तुम्हीच मला शिकवलंत.”

“बाळंतिणीला हात लावण्याआधी ती पाणी उकळून हात धुते,” बाई शांतपणे म्हणाल्या. “ते राहिलं तुझं.”

संपादिकेने हस्तलिखितात ते पान शोधलं.

“अगं, कोण असेल ती म्हातारी?”

संपादिकेच्या अंगावर सर्रकन काटा आला. “आई! त्याची आई!”

“मग काय तर. घरातून निघाली तेव्हा कोंब आलेले बटाटे बरोबर घेऊन गेली बिचारी. उतरली ती त्याच्या कितीतरी वर्षं आधी, म्हणून तो पोचला तेव्हा म्हातारी झालेली. आपण पुढच्या काळातले, हे कुणापुढे बोलायचं नाही, हा प्रवासाचा नियम. ती बोलत नाही, तो बोलत नाही. हा फोटोतली तरुण बाई शोधत गावोगाव हिंडतो आणि दर हिवाळ्यात येऊन हिच्याच हातचं जेवतो. बटाटा त्याच्या इतका रोजचा, की त्याला खटकतच नाही. आधी वाचकाला खटकायचा. त्याला शेवटच्या पानावर.”

काय बाई आहे ही! संपादिकेला उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. तीन भाग तो मुलगा आईच्या हातचं जेवत होता आणि सारे वाचक त्याच्यासाठी हळहळत होते.

बाईंचा चेहरा मात्र उतरला. “पण नाही जमलं गं मला. पहिल्या भागापासून हंडीत बटाटा ठेवलाय. इतक्या वर्षांत एकाही वाचकाने विचारलं नाही, की हा इथे कसा? वाटलं, मीच फार लपवते. म्हणून या वेळी टोमॅटो काय, सुया काय, सगळं ओतलं. तर तूही चुकाच सांगायला आलीस. कशाला आलीस ते तुझ्या तोंडावर दिसतंय. घ्या दुसऱ्याकडून लिहून. माझी ना नाही.”

पण पहिल्या भागातला बटाटा संपादिकेनेच खोडला होता. त्या जागी त्या काळी तिकडे पिकणारा कंद, सलगम, लिहिला होता. दुसऱ्या भागातही, तिसऱ्यातही. बाईंना कुणी हसू नये म्हणून, मायेने, आणि न विचारता. बाईंना चूक दाखवायची तिची काय छाती! बाई तर छापलेलं पुस्तक कधी उघडतच नसत. लेक सासरी गेली की तिच्या फडताळात डोकावू नये, म्हणायच्या.

तिने बाईंच्या समोरच मालकांना फोन लावला.

“बाईंचं डोकं अगदी ठिकाणावर आहे, साहेब. माझंच नव्हतं. बटाटे पहिल्यापासून होते, मी दर वेळी काढत गेले. नाही, शेवट बाईच लिहितील. आधीचे तिन्ही भागही पुन्हा छापावे लागतील, बटाट्यांसकट. खर्च होईल, हो. मग मला काढून टाका.”

फोन ठेवला तरी तिला मान वर करवेना. बाई खुर्चीचा हात धरून उठल्या, तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. आता बोलणी बसणार, आणि बसायलाच हवीत, असं तिला वाटलं.

“म्हणजे तुला दिसले होते?”

“हो, बाई.”

“पहिल्या भागातलासुद्धा? तो तर पार तळाशी होता, एका अर्ध्या ओळीत!”

“तोही.”

बाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या.

“आणि मी वेडी समजत होते, मला कुणी नीट वाचतच नाही!”