तिथेच तुटतं

"तुटलं!" बैठकीच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला. "सूनबाई, परत तुटलं!"

सून पॅसेजमधल्या कपाटात अर्धी शिरली होती. तिथे झाडू आणि जुन्या छत्र्यांच्या सोबतीने गाण्यांचा सर्व्हर ठेवलेला होता. मांडीवर लॅपटॉप, दातांत केबल. तिने केबल तोंडातून काढली आणि स्क्रीनकडे पाहिलं. गाण्याचा डेटा जाताना दाखवणारी हिरवी रेघ सरळ चालली होती, कुठे टिचभरही खंड नाही.

"इथे सगळं ठीक दिसतंय, बाबा."

"दिसतंय! गाणं काय दिसायची गोष्ट आहे का?"

ऑफिसात कुठल्याही मजल्यावरचं नेटवर्क अडलं की तिच्याच नावाने हाका पडायच्या, आणि घरातल्या एका खोक्याने तिच्या नाकी नऊ आणले होते. बरं, कल्पना तिचीच. सासऱ्यांच्या सगळ्या रेकॉर्ड्स तिने खपून खपून सर्व्हरवर उतरवल्या होत्या, आणि जागा अडते म्हणून गोड बोलून त्यांचा जुना रेकॉर्ड प्लेयर कुणाला तरी देऊनही टाकला होता. आता हे धड चाललं नाही तर म्हाताऱ्याचं गाणंच बंद. ते तसं बोलून दाखवत नसत. जेवताना नुसते त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत, आणि हिच्या घशाखाली घास उतरत नसे.

काय करायचं बाकी ठेवलं होतं तिने? वायफाय नको म्हणून भिंतीच्या कडेकडेने केबल ओढली. राउटर बदलला. गाणं आधीच थोडं साठवून ठेवणारा बफर वाढवला. गाणं चालू असताना नवऱ्याला सिनेमा बघायची बंदी घातली, तर तो आठवडाभर तोंड फुगवून बसला. तरी तुटायचं ते तुटतच होतं. कुठेही तुटलं असतं तर एक वेळ तिला समजलं असतं, पण हे त्याच रेकॉर्डमध्ये, त्याच जागी तुटायचं. फाइलच खराब असेल म्हणून तिने ती पुसून पुन्हा चढवली. परत तिथेच. कुठे पाणी मुरतंय तेच कळेना.

सासऱ्यांचं काम पियानो सुरात लावण्याचं. उभा जन्म त्यात गेलेला, आणि अजूनही मोठ्या सभागृहांतून त्यांना बोलावणं यायचं. ते तुटलं म्हणाले की तुटलं, घरात त्यावर वाद नव्हता.

"नक्की कधी तुटतं, ते तरी सांगा!" ती कपाटातूनच ओरडली.

"व्हायोलिन एकटं राहतं ना, तेव्हा. वर चढलं की गायब, खाली आलं की परत हजर. तुझ्या यंत्राला उंचीची भीती वाटते बहुतेक."

तिने लॅपटॉप फाडकन मिटला. हाताला धूळ, केसांना जळमट, तशीच ती बाहेर आली आणि सासऱ्यांच्या शेजारी धपकन बसली.

"लावा परत. मी इथेच बसते."

त्यांनी फोनवर बोट दाबलं. गाणं सुरू झालं आणि तिच्या लक्षात आलं, एवढ्या सगळ्या दिवसांत आपण हे एकदाही ऐकलेलं नाही. तुटलं अशी हाक आली की ती धावत कपाटाकडे जायची आणि रेघ बघायची.

बाकीची वाद्यं हळूहळू मागे सरली. व्हायोलिन एकटं उरलं आणि वर चढू लागलं, सुईत ओवायच्या दोऱ्यासारखं बारीक होत.

सासऱ्यांनी बोट वर केलं. "हे बघ. तुटलं."

व्हायोलिन वाजत होतं.

आधी तिला वाटलं, थट्टा चालली आहे. पण त्यांचे डोळे मिटलेले होते. काय निसटलंय ते सुनेला कळावं म्हणून ते तेवढा भाग स्वतः आठवणीतून गुणगुणत होते, खालच्या पट्टीत, हलक्या आवाजात. व्हायोलिन वळेल तिथे वळत होते, थांबेल तिथे थांबत होते. एक सूरही इकडचा तिकडे होत नव्हता.

मग व्हायोलिन खाली उतरलं. "आलं," ते म्हणाले, बोट खाली घेतलं आणि डोळे उघडले. चेहऱ्यावर विजय मावत नव्हता. "आता तरी पटलं?"

हो म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलंही, पण शब्द यायला उशीर झाला. तारेतला केसभर फरक ओळखणाऱ्या माणसाला सुनेचा चेहरा ओळखायला असा कितीसा वेळ लागणार?

"तुला ऐकू आलं," ते म्हणाले.

ती हाताची धूळ पदराला पुसत राहिली.

"म्हणजे तुझ्या यंत्रात काही खोट नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकावं म्हणून तिने जिवाचं रान केलं होतं. आता ते ऐकलं आणि तिला रडू यायला लागलं. रागही आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना.

"काहीतरीच काय, बाबा! आवाजच कमी होता. थांबा जरा."

तिने गाणं मागे नेलं आणि आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. शोकेसमधले पेले थरथरायला लागले. कानांवर हात दाबून नवरा स्वयंपाकघरातून धावत आला.

"अगं, वेड लागलंय का? शेजारी भांडायला येतील!"

तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. स्पीकरवरचं आवाजाचं बटण तिने शेवटपर्यंत फिरवलं.

व्हायोलिन वर चढलं. सासरे स्पीकरकडे तोंड करून, जरासे पुढे झुकून, वाट बघत बसले होते.