लाइन ओके

लेकीला नोकरीच्या परीक्षेची फाइल उतरवून, सोडवून, सहाच्या आत परत पाठवायची होती आणि डाउनलोड सकाळपासून बेचाळीस टक्क्यांवर ठाण मांडून बसलं होतं. दहा दिवसांत तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा इंटरनेटवाला आला, "लाइन ओके आहे काका, तुमचा कॉम्प्युटरच म्हातारा झालाय," म्हणाला, आणि तक्रार बंद करायला ओटीपी घेऊन पसार झाला.

आज चौथ्यांदा आला. मोडेमचे दिवे बघितले आणि तेच पालुपद. "सांगा काका ओटीपी, निघतो."

"या वेळी ईमेलवर मागवलाय. हा बघ, उघडतोय."

पडद्यावर चक्र फिरायला लागलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. त्याच्या साहेबाचे दोन फोन येऊन गेले.

"काका, जरा लवकर बघा ना!"

"मी काय करू राजा? लाइन तर ओके आहे. बस, पाणी घे."

शेवटी कपाळाला हात लावून तो उठला, शिडी काढली, खांबावर चढला आणि कुजलेली वायर बदलली. दोनच्या ठोक्याला लेकीची फाइल सर्रकन उतरली.



ओटीपी? तो त्याने मागितला तेव्हाच माझ्या मोबाइलवर येऊन पडला होता.