एका पत्राचा गुलाब

खऱ्या पत्राला चहाचा वास येत होता.

कागदाची फुलं करून देणाऱ्या कागदताईंनी ते पुन्हा नाकाशी नेलं. वास चहाचाच. आणि चहा त्यांनी परवा फक्त झेरॉक्सला पाजला होता, जुन्या कागदाचा पिवळटपणा यावा म्हणून. रंग जुळवायला खरं पत्र शेजारी ठेवलं होतं, आणि रंग असा काही जुळला की त्यांनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती. आता ते कौतुक अंगाशी आलं होतं. टेबलावर उरली होती ती झेरॉक्स. खरं पत्र गिऱ्हाइकाच्या अल्बमच्या पहिल्या पानावर गुलाब होऊन बसलं होतं, चार हिरव्या कडांच्या पानांसकट.

"तरीच," त्या म्हणाल्या. तरीच आज कागद इतका लोण्यासारखा वळत होता. बोटांनी चांगला कागद बरोबर निवडला होता. तो कोणाचा, हे बघायचं काम डोळ्यांचं होतं आणि डोळ्यांनी ते केलं नव्हतं.

"तरीच काय?" धाकट्या जावेने फितीचा गुंडा खाली ठेवला. सगळं ऐकून तिने कपाळाला हात लावला. "ताई, चष्मेवाल्या बाई आत्ता येतील. त्यांच्या वडिलांचं एकुलतं एक पत्र ते! ही झेरॉक्स घाला पाकिटात आणि द्या परत. तुम्हाला ओळखू आली नाही, त्यांना कसली येतेय?"

"आणि मग ती बाई जन्मभर माझी झेरॉक्स कपाटात जपून ठेवणार. नको गं बाई."

जावेने फितीचा गुंडा पुन्हा उचलला. कागदताईंच्या 'नको गं बाई'पुढे त्या घरात आजवर कोणाची मात्रा चालली नव्हती.

चष्मेवाल्या बाई आल्या त्या चष्म्याचं दुकान नोकरावर टाकून, धापा टाकत. अल्बम लेकीसाठी होता. लेक रविवारी परदेशी नोकरीला निघायची होती. त्यांनी अल्बम उघडला, गुलाबावरून हलकेच बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"थांबा," कागदताई म्हणाल्या. "आधी माझं ऐका. झेरॉक्सऐवजी मी खरं पत्र कापलं. चूक माझी आहे."

बाईंचं बोट तिथंच राहिलं. "कापलं?" त्या खुर्चीत बसल्या. "अहो, बाबांनी उभ्या आयुष्यात एवढं एकच पत्र लिहिलं हो मला. मी हॉस्टेलवर होते तेव्हा."

कागदताईंनी अल्बम आपल्याकडे ओढला. "कापलंय, पण वाया घालवलेलं नाही. हा गुलाब अखंड पट्टीचा असतो. कागदाचा गोल करायचा, कडेपासून मध्यापर्यंत कात्री गोल गोल फिरवत न्यायची आणि पट्टी गुंडाळायची. कोपरे उरतात, त्यांची पानं. सगळं इथंच आहे. बघा."

डिंक सुटावा म्हणून जावेने पाण्याची वाटी पुढे केली.

"पाणी नको, शाई पसरेल."

त्यांनी पातळ पातं गुलाबाच्या बुडाशी सरकवलं. डिंक अजून पुरता वाळला नव्हता. फूल सुटून तळहातावर आलं आणि बोट सैल होताच पट्टी आपोआप उलगडत गेली. वळशाला वळसा लावत त्यांनी गोल परत बसवला, चार कोपऱ्यांत चार पानं ठेवली. पानांच्या कडांचं कातरणसुद्धा डबीतून काढून चिमट्याने जागच्या जागी लावलं. पत्र पुरं झालं.

कागद मात्र ऐकेना. त्याला वळण लागलं होतं. बाईंनी तो दोन्ही तळव्यांनी दाबून धरला आणि वाचू लागल्या. स्वेटर घालत जा. दाढ दुखते तर डॉक्टरांकडे जा, चालढकल नको. मैत्रिणीची छत्री परत कर. वाचता वाचता त्या हसल्या, मग डोळे पुसायला एक हात उचलला, तर तेवढी बाजू लगेच गुंडाळली गेली.

"सपाट करून देते," कागदताई म्हणाल्या. "मागून पातळ कागद लावला की हलायचं नाही. आणि झेरॉक्सचा गुलाब तुमच्यासमोर वळते. उद्यावर टाकत नाही."

बाईंनी टेबलावरची झेरॉक्स उचलली, तिची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवून दिली.

"मला ही पुरे. मला पत्र तोंडपाठ आहे. हे लेकीबरोबर जाऊ द्या." त्या पुन्हा कागदावर वाकल्या. "फक्त आता पुन्हा गुलाब वळताना अक्षरं बाहेर ठेवा. एवढी ओळ तिला दिसली पाहिजे."

कागदताईंनी त्यांच्या बोटाखालची ओळ वाचली.

'नाहीच जमलं तर परत ये. कोणी काही विचारणार नाही.'