पुढची जागा

वरच्या डोंगरात पाऊस झाला की गावच्या कोरड्या नदीला अचानक लोंढा यायचा, आणि शहरातल्या हवामान खात्यात काम करणाऱ्या फुएन्सांताच्या कॉम्प्युटरचा इशारा यायचा तो पाणी वाहून गेल्यावर. “तुझा कॉम्प्युटर म्हणजे आपला पोस्टमन,” गावातला शेजारी खिनेस तिला चिडवायचा. “मयत उरकून घरी आलं की मयताचं पत्र हातात देतो.”

टोमणा तिने मनावर घेतला. उघड्याबोडक्या उतारांवरून किती पाणी सुटेल, किती माती ओढून आणेल आणि गावात कधी पोचेल, याचं गणित तिने दोन वर्षं खपून बसवलं. आज पहिल्यांदा गावातल्या प्रत्येक फोनवर इशारा पाऊण तास आधी गेला: पूर येतोय, घरातच थांबा.

लोंढा पोचायला थोडाच अवकाश होता, तेव्हा तिने शहरातल्या ऑफिसातून खुशीत आईला फोन लावला. “आई, मेसेज मिळाला?”

“अख्ख्या गावाला मिळाला गं. दरवेळी धापा टाकत पुलावर यावं, तर पाणी निघून गेलेलं. आज खुर्च्या टाकून बसलोय, अगदी पुढची जागा मिळालीये. खिनेस तर तुझ्या नावानं सूर्यफुलाच्या बिया खायला वाटतोय.”

“आई, उठा तिथून. सगळे उठा. आत्ताच्या आत्ता.”

“काय म्हणतेस? ऐकू येत नाही, लोक टाळ्या वाजवतायत. आलं वाटतं.”

 

फुएन्सांतासमोरच्या पडद्यावर पाणी पुलाच्या कठड्यावरून वाहत होतं, आणि तिचं गणित मिनिटभरही चुकलं नव्हतं.